वजनाच्या ऑपरेशननंतर करंटची मशीन: पोटाला नको, मांडीला लावा

वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, म्हणजे स्लीव्ह (जठर कापून बारीक करतात) म्हणा नाहीतर बायपास (जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात), की दीड-दोन महिन्यांत कपडे सैल होतात, लोक रस्त्यात थांबवून विचारतात, सगळं छान चाललेलं असतंय आणि मग एक दिवस लक्षात येतंय की संडासात उकिडवं बसल्यावर उठायला भिंत धरावी लागतेय, खानापूरच्या बसची पहिली पायरी चढताना दांडी दोन्ही हातांनी ओढावी लागतेय. वजन तर चांगलं उतरलंय, मग पाय हलके व्हायला पाहिजेत की, उलट जड का झाले?

कारण जे उतरतंय ती नुसती चरबी नसते. खाणं एकदम कमी झालं की शरीर चरबीबरोबर स्नायू पण मोडून वापरतंय. उतरलेल्या वजनातला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा चरबी सोडून बाकीचा असतो, त्यात स्नायू आले, आणि ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सगळ्यात जास्त. त्यात अजून एक गंमत, वजन जास्त होतं तेव्हा मांड्या दिवसभर ते ओझं उचलत होत्या, तो त्यांचा फुकटचा व्यायामच होता, ओझं गेलं तसा तो पण गेला. ही झीज अडवायला दोनच गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत, पुरेसं प्रोटीन आणि स्नायूला जोर लावायला लावणं. करंटची मशीन, म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून करंटनं स्नायू आखडवणारी, ह्या दुसऱ्या गोष्टीला हातभार लावते, तेवढंच.

मी फिजिओ आहे, बेळगावात टिळकवाडी, शहापूर, अनगोळ भागात घरी जाऊन व्यायाम करून घेते. ऑपरेशन कोणी इथंच केलेलं असतंय, कोणी कोल्हापूरला, हुबळीला, पुण्याला, आणि परत आल्यावर फॉलोअप बहुतेक फोनवर. मशीन मात्र मी जायच्या आधीच ऑनलाइन मागवून टेबलावर तयार, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, हे पोटाला लावलं की लोंबलेलं आत जातंय काय?" नाही जात. लोंबतेय ती कातडी, कातडीला करंट देऊन ती आखडत नाही, आणि करंटनं चरबी वितळत पण नाही, टीव्हीवर त्या पट्ट्याच्या जाहिराती कितीही वर्षं चालू असल्या तरी. वरून पोटात दुर्बिणीची चार-पाच भोकं पाडलेली असतात, बाहेरून टाके वाळलेले दिसले तरी आतला थर जुळायला वेळ लागतो, तिथं स्नायू जोरात आखडवले तर हर्निया व्हायची भीती. म्हणून घरी असताना पोट विसरा. मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, हा अंगातल्या मोठ्या स्नायूंपैकी एक आणि उठणं, बसणं, जिना, उंबरा सगळं त्याच्यावर. करंट द्यायचा तो इथं.

ह्याला पुरावा काय असं विचाराल तर, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडी वाळू नये म्हणून करंट देणं ही फिजिओथेरपीतली जुनी आणि बऱ्यापैकी तपासलेली गोष्ट आहे, आयसीयूतल्या आणि सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, पेशंटवर पण वापरतात. वजनाच्या ऑपरेशननंतर खास ह्याच्यावर थोडं काम झालंय, ब्राझीलमधे जास्त करून, पण अभ्यासातले गट छोटे. माझं मत विचाराल तर ज्याला गुडघेदुखीमुळं, अशक्तपणामुळं नीट व्यायामच करता येत नाही त्याला पहिले दोन-तीन महिने ही मशीन चांगली उपयोगी पडतेय. जो व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज सकाळी तासभर चालतोय आणि घरी उठाबशा काढतोय त्याला मशीनची गरज नाही, ते पैसे पनीर-अंड्यांवर घाला.

आधी कुणी लावू नये ते बघा

पेसमेकर किंवा छातीत शॉकची मशीन बसवलेली असेल तर अजिबात नाही, हा विषयच बंद. पोटात किंवा कुठंही दुसरं बॅटरीवर चालणारं यंत्र बसवलेलं असेल तरी नाही. फिट येतात, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे, दिवस गेलेत किंवा शंका आहे, तर आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही (आणि ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नका असं सर्जननं सांगितलेलं असतंयच, वजन उतरताना पाळी नियमित होते आणि दिवस राहायची शक्यता उलट वाढतेय, बऱ्याच जणींना हे कोणी सांगत नाही). 

पायात रक्ताची गाठ ही सगळ्यात महत्त्वाची. ह्या ऑपरेशननंतर पहिला महिना गाठ व्हायचा धोका जास्त असतो, म्हणून तर काही जणांना घरी पाठवताना पण रक्त पातळ ठेवायची, पोटावर टोचायची इंजेक्शनं देतात. एकच पोटरी सुजलीय, दाबलं की दुखतेय, गरम लागतेय, लाल झालीय, तर मशीन लावायची नाही, चोळायचं नाही, शेकायचं पण नाही, सरळ हॉस्पिटल. दम लागला किंवा छातीत दुखलं तर रात्र असली तरी थांबायचं नाही. "पाय आखडलाय, जरा करंट देऊन बघू" असं म्हणून घरच्या घरी काहीतरी करणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, त्यांना हे वाचून दाखवा.

शुगरवाल्यांनी अजून एक तपासायचं. बऱ्याच वर्षांची शुगर असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि मग करंट जास्त झालेला कळत नाही, कातडी भाजते. डोळे मिटून बसा आणि घरच्यांना सांगा मांडीवर कधी कापूस लावा, कधी गार चमचा लावा, आणि प्रत्येक वेळी काय लावलं ते ओळखायचं. जिथं ओळखता येत नाही तिथं पॅड लावायचा नाही.

सुरू कधी करायचं

चालणं तर हॉस्पिटलातच सुरू होतं, ऑपरेशनच्या त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उठवतात. मशीनची घाई नको. पहिला फॉलोअप झाला, टाके बघून झाले, उलट्या नाहीत, दिवसाला दीड-दोन लिटर पाणी घोट घोट करून जातंय, उभं राहिल्यावर चक्कर येत नाही, एवढं असेल तर सर्जनला विचारून मांडीला सुरू करायला हरकत नसते. विचारताना "करंट घेऊ काय" असं नका विचारू, त्यांना दुखण्यासाठी शेक घेतायत असं वाटतं. "मांडीच्या स्नायूसाठी एनएमईएस घरी वापरू काय" असं विचारा (एनएमईएस म्हणजे करंटनं स्नायू आखडवणं) आणि मशीनचा फोटो पाठवा.

पाण्याचं मुद्दाम लिहिलंय. करंटनं स्नायू आखडतो तेव्हा त्याला खरंच मार बसतो, जास्त झालं तर स्नायूतले पदार्थ रक्तात उतरून किडनीवर ताण येतो आणि अंगात पाणी कमी असेल तर तो ताण अजून वाढतो. म्हणून ते जिममधे अंगभर जॅकेट घालून करंट देतात ना, ते पहिल्या काही महिन्यांत तर नकोच. मशीन वापरल्यावर मांडी खूप सुजली, सहन होत नाही इतकी दुखायलीय आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मशीन कुठली

दुकानात किंवा ऑनलाइन "टेन्स मशीन" म्हणून जे मिळतंय ते दुखणं कमी करायचं, त्यानं मुंग्या येतात, स्नायू आखडत नाही. आपल्याला पाहिजे ती ईएमएस किंवा एनएमईएस मोड असलेली. दोन्ही मोड एकत्र असलेल्या छोट्या बॅटरीवाल्या मशिनी येतात त्या चांगल्या, लाईट गेली तरी अडत नाही. घेताना एवढं बघा की दोन चॅनल (पॅडच्या वायरींच्या दोन जोड्या) आहेत, फ्रिक्वेन्सी (सेकंदाला करंटचे किती ठोके) आणि पल्सची रुंदी (एक ठोका किती वेळ टिकतो) आपल्याला बदलता येते, आणि आखडायचा वेळ व विश्रांतीचा वेळ वेगवेगळा लावता येतो. फुलपाखराच्या आकाराचा एकच पॅड आणि वर प्लस-मायनसचं एक बटण, अशी "मसाजर" म्हणून मिळणारी स्वस्तातली घेऊ नका, त्यात काहीच आपल्या हातात नसतं. चार्जिंगला लावून अंगाला लावायची नाही, कुठलीच.

पॅड मोठे घ्या, साधारण ५ बाय ९ सेंटीमीटरचे. मांडी मोठी आहे, छोट्या पॅडमधून करंट एकाच जागी एकवटतो आणि स्नायू हलायच्या आधी कातडीच चटचटायला लागते, मग माणूस घाबरून बंद करतो आणि म्हणतो मशीन खराब आहे.

आणि एकदा तरी फिजिओकडून लावून घ्या, गावात जो जवळ असेल तो. सरकारी हॉस्पिटलात पण फिजिओ असतो, तिथली जुनी मोठी मशीन आणि पट्टा बांधून लावायचे काळे रबरी पॅड बघून नाक मुरडू नका, काम तेच होतंय. पॅडची बरोबर जागा मिळाली की मार्करनं मांडीवर चौकोन काढून फोटो काढून ठेवायचा.

पॅड लावायची पद्धत

आपल्याकडं अंगाला खोबरेल तेल लावून आंघोळ करायची सवय, त्या दिवशी मांडीला तेल लावू नका, पॅड चिकटत नाही आणि पॅडचा गोंद पण खराब होतो. साबणानं धुवा, पुसून कोरडं करा. केस जास्त असतील तर कात्रीनं बारीक करा, वस्तरा मारून लगेच लावलं तर बारीक चिरांतून झोंबतं.

एक पॅड मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला वर, जांघेच्या खाली एक वीत अंतर सोडून. दुसरा पॅड खाली आतल्या बाजूला, पाय ताठ केल्यावर गुडघ्याच्या वर आत जो मांसाचा गोळा उठून दिसतो बरोबर त्याच्यावर. गुडघ्याच्या वाटीवर नाही. एका चॅनलच्या दोन्ही वायरी एकाच पायाला, दुसरा चॅनल दुसऱ्या पायाला, एक वायर ह्या पायाला आणि एक त्या पायाला असलं काही करायचं नाही. छाती, गळा, डोकं ह्यांच्या आसपास पॅड न्यायचाच नाही.

आता ही गोष्ट मशीनच्या पुस्तकात मिळणार नाही. वजन उतरल्यावर मांडीची कातडी सैल होते. तुम्ही झोपून पॅड लावला आणि मग उठून खुर्चीत बसलात तर कातडी खाली ओघळते आणि पॅड तिच्याबरोबर सरकतो, खालचा स्नायू तिथंच राहतो. म्हणून ज्या पोझिशनमधे करंट घ्यायचाय त्याच पोझिशनमधे बसून पॅड लावा, कातडी हातानं हलकी वर ओढून मग चिकटवा. दर दोन आठवड्यांनी जागा परत तपासायची कारण मांडी बारीक व्हायलीय, मागच्या महिन्यातला फोटो ह्या महिन्यात बरोबर असेलच असं नाही.

जांघेत, मांड्यांच्या मधे कातडी घासून लाल झालीय, खाज आहे, गजकर्ण आहे, तर तिथं लावायचं नाही. पावसाळ्यात आपल्याकडं, खानापूर साईडला तर जास्तच, कपडे वाळत नाहीत आणि घड्यांमधे ओल राहते, त्यामुळं हा त्रास बऱ्याच जणांना होतो. आधी कातडीच्या डॉक्टरला दाखवून ते बरं करा, आठवडाभर मशीन बंद राहिली तर काही बिघडत नाही.

सेटिंग आणि प्रत्यक्ष सेशन

फ्रिक्वेन्सी ३५ ते ५० हर्ट्झ. दहाच्या खाली ठेवली तर स्नायू नुसता टकटक उडतो, तीसच्या पुढं गेल्यावर सलग आखडतो, आणि ऐंशीच्या पुढं नेली तर पटकन दमतो. पल्सची रुंदी ३०० मायक्रोसेकंदच्या आसपास, मशीनमधे असेल तर ४०० पर्यंत चालते. आखडायचा वेळ १० सेकंद, विश्रांती पहिल्यांदा ५० सेकंद, ताकद आली की विश्रांती कमी करत ३० वर आणायची. करंट हळूहळू चढायचा वेळ, रॅम्प म्हणतात त्याला, दोन सेकंद ठेवा म्हणजे दचकायला होत नाही.

विश्रांती एवढी का? आपण स्वतः पाय उचलतो तेव्हा मेंदू स्नायूतले धागे आळीपाळीनं वापरतो, एक गट दमला की दुसरा. मशीनला ती अक्कल नाही, पॅडच्या खालचे तेच ते धागे सगळे एकदम ओढते, त्यामुळं तेवढ्याच वेळात स्नायू जास्त दमतो. विश्रांती कापून पंधरा मिनिटांत उरकलं असं करणाऱ्यांचे पाय दुसऱ्या दिवशी जिना उतरत नाहीत.

खुर्चीत बसा, पाठ टेकलेली, गुडघा वाकलेला, आणि घोटा टॉवेलनं किंवा जुन्या ओढणीनं खुर्चीच्या पायाला बांधा, म्हणजे करंट आल्यावर पाय उडणार नाही आणि स्नायू जागच्या जागी जोर लावेल. खुर्ची जड असू दे, भिंतीला टेकवून. गुडघा वाकवला की फारच दुखत असेल तर पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. जेवण होऊन तासभर झालेला असावा, आणि शुगरच्या गोळ्या-इन्सुलिन घेत असाल तर आधी शुगर बघा, कारण ऑपरेशननंतर गरज कमी होते आणि जुना डोस चालूच असेल तर शुगर खाली जाते. बीपीच्या गोळ्यांचं पण तेच, उठताना अंधारी येत असेल तर डोस परत विचारून घ्या.

मशीन चालू करून करंट शून्यापासून वाढवायचा, आणि वाढवायचा तो आखडायच्या दहा सेकंदांतच, विश्रांतीच्या वेळी वाढवलात तर पुढचा झटका जोरात बसतो. आधी मुंग्या येतील, मग ओढ जाणवेल, मग मांडी डोळ्यांना दिसेल अशी आखडेल. पहिल्या आठवड्यात इथंच थांबा. पुढं पुढं जेवढं सहन होतंय तेवढं वाढवायचं, मुंग्या येऊन स्नायू आखडला नाही तर ताकदीच्या दृष्टीनं उपयोग शून्य. पण जळजळ किंवा सुई टोचल्यासारखं होत असेल तर ते सहन करायचं नाही, बंद करून पॅड बघा, बहुतेक वेळा पॅड वाळलेला नाहीतर एका कडेनं सुटलेला असतो. पाण्याचा एक थेंब बोटानं पसरवला की पॅड परत चिकटतो, दोन-तीनदा असं करून पण चिकटला नाही तर टाकून द्या, चिकटपट्टी लावून चालवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीन ओढत असताना मोबाईल बघत बसायचं नाही. करंट आला की तुम्ही पण स्वतः गुडघा ताठ करायला जोर लावा, करंट गेला की सोडा. दोन्ही मिळून होतं तेव्हाच फायदा. श्वास रोखायचा नाही, मोठ्यानं आकडे मोजा म्हणजे आपोआप रोखला जात नाही.

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, दिवसाआड. मग पंधरा, मग वीस. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे, रोज रोज नको, स्नायू भरून यायला मधला दिवस लागतो. पहिले दोन दिवस व्यायाम केल्यासारखं दुखेल ते ठीक आहे. त्यासाठी मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून खाऊ नका, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्यांनी ऑपरेशनच्या जागी अल्सर होऊ शकतो, बायपासवाल्यांना तर कायमची बंदी असते. पॅरासिटामॉल चालते काय ते आपल्या डॉक्टरला विचारा.

स्क्रीनवरच्या आकड्याचं एक समजून घ्या. चरबी ही करंट आणि स्नायूच्या मधे गोधडीसारखी असते, जाड असताना करंट जास्त लागतो. म्हणून सुरुवातीला आकडा मोठा लागला तर घाबरू नका आणि दोन महिन्यांनी कमी आकड्यावरच मांडी जोरात आखडायला लागली तर ताकद कमी झाली असं पण समजू नका, गोधडी पातळ झालीय एवढंच. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करायची नाही, आणि "मागच्या वेळी चाळीसवर होतं" म्हणून थेट चाळीसवर न्यायचं नाही, दर वेळी शून्यापासून.

मशीन काढल्यावर लगेच

पॅड काढले की पाचेक मिनिटांनी प्लास्टिकच्या खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला खुर्ची लावून. आधी हात टेकून पाच-सात वेळा, जमायला लागलं की हात छातीवर घडी घालून. महिना-दीड महिन्यानं हेच उठणं-बसणं मशीन लावलेलं असताना करायचं, करंट आला की उठा, गेला की सावकाश बसा, पण शेजारी कोणीतरी पाहिजे आणि पुढं टेबल पाहिजे धरायला. पाण्याची घागर, सिलिंडर, पाच किलोच्या वरचं काही सर्जननं परवानगी दिल्याशिवाय उचलायचं नाही, मांडीत ताकद आली म्हणून पोटाचे टाके लवकर जुळत नाहीत. पावसात बाहेर चालणं होत नसेल तर घरातल्या घरात, सोप्यापासून परसापर्यंत फेऱ्या मारा, आखूड पण दिवसातून चार-पाच वेळा.

प्रोटीनबद्दल डाएटिशियननं कागद दिलेला असतोच, तो फ्रिजवर लावलेला असतो आणि कोणी बघत नाही. दिवसाला निदान ६० ग्रॅम, बऱ्याच जणांना त्याहून जास्त सांगतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमधे अठराच्या आसपास. हुलग्याचं कढण छान लागतंय, पौष्टिक पण आहे, पण वाटीभर कढणात प्रोटीन थोडंच, त्याच्यावर साठ ग्रॅम होणार नाहीत. म्हणून पहिल्या महिन्यांत पावडर लागते, शाकाहारी घरात तर लागतेच. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. आणि वास्तुशांतीला गेलात की "एवढासा कुंदा खा, काय होत नाही" म्हणणाऱ्यांना हात जोडा, बायपास झालेला असेल तर गोडानं घाम, धडधड, जुलाब असं डम्पिंग होऊ शकतंय. प्रोटीन पोटात जात नसेल तर मशीन लावू नका असं मी स्पष्ट सांगते, बांधायला सामानच नाही तर गवंडी बोलावून काय उपयोग.

पाऊल लुळं पडलं तर तो वेगळा विषय

चालताना चप्पल पायातून निसटते, पाऊल फटफट आपटतं, उंबऱ्याला अंगठा अडकतो. हे अशक्तपणा म्हणून सोडू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली एक नस हाडाला लागून वर येते, तिच्यावरची चरबीची गादी वजन उतरताना नाहीशी होते आणि मग पायावर पाय टाकून बसलं, पंगतीला, भजनाला, पूजेला तासन्‌तास मांडी घालून बसलं की ती दाबली जाते. वजन झपाट्यानं उतरलेल्यांच्यात हे होतंय हे जगभर माहीत आहे, आणि आपल्याकडं जमिनीवर बसायची सवय असल्यानं जास्तच जपायला पाहिजे. पहिलं वर्ष खुर्चीत बसा, देवाला चालतंय. लक्षण दिसलं तर न्यूरोच्या डॉक्टरला दाखवा, नसेची तपासणी करतात, बी-१२ वगैरे बघतात. तिथं पण करंट देतात पण तो नडगीच्या स्नायूला, वेगळ्या सेटिंगनं, ते घरी स्वतःच्या मनानं करायचं नाही.

दोन्ही पायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं हे व्हिटॅमिनच्या कमीनं पण होतंय. रोज उलट्या होत असतील तर थायमिन म्हणजे बी-१ काही आठवड्यांतच संपतं, आणि मग डोळ्यांना एकाचे दोन दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू झालं तर ती इमर्जन्सी आहे. गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावायला गेलात तर आधी सांगा की वजनाचं ऑपरेशन झालंय आणि थायमिन आधी द्यायला पाहिजे काय ते विचारा, कारण थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर बिघडू शकतं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमधे असू दे.

फरक पडतोय काय आणि थांबायचं कधी

मांडीचा घेर टेपनं मोजून निराश होऊ नका, चरबी उतरतेय म्हटल्यावर घेर कमी होणारच. मोजायचं ते काम. खुर्ची भिंतीला लावा, हात छातीवर, मोबाईलवर ३० सेकंद लावा आणि किती वेळा पूर्ण उठून बसता ते मोजा, दर दोन आठवड्यांनी एकदा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर वेळी तीच वेळ, तीच खुर्ची. आकडा वाढतोय किंवा निदान वजन उतरत असताना टिकून आहे तर बरोबर चाललंय. महिनाभर नीट केलं, प्रोटीन पण जातंय आणि आकडा खाली यायलाय, तर मशीनचं सेटिंग वाढवत बसू नका, रक्त तपासा, हिमोग्लोबिन, बी-१२, डी, आणि सर्जनला कळवा.

साधारण दोन-तीन महिन्यांत हात न टेकता उठता येतंय, जिना कठडा न धरता चढता येतोय, तर मशीन बंद करा आणि तो वेळ रबरी पट्ट्याच्या व्यायामाला, वजन उचलायला द्या, आता पोटाच्या स्नायूंचं पण फिजिओला विचारून सुरू करता येतंय. मशीन कपाटात ठेवताना बॅटरी काढून ठेवा, गळते. कोणी मागितली तर द्या खुशाल, पण पॅड देऊ नका, नवीन घ्यायला सांगा, आणि देण्याआधी छातीत पेसमेकर आहे काय तेवढं विचारा.